पीएचडीचा अर्ज: आधी निबंध, मग फॉर्म

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उच्च शिक्षणाच्या प्रवेशाविषयी वृत्तपत्रांत जे मार्गदर्शन छापून येते, ते बहुतेक अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि वैद्यकीय शाखांना धरून असते. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, धर्माभ्यास अशा विषयांत पीएचडी करू पाहणाऱ्यांना त्यातले फारसे उपयोगी पडत नाही आणि काही सल्ले तर अंगाशी येतात. तिकडे परीक्षांच्या गुणांना जे वजन आहे, ते मानव्यविद्यांत बहुतेक ठिकाणी उमेदवाराने लिहिलेल्या वीसेक पानांना असते. तरीही उमेदवार वर्षभर परीक्षांच्या मागे असतात आणि ती वीस पाने शेवटच्या पंधरवड्यात शोधायला लागतात. म्हणून या विषयात काम करणाऱ्या आम्ही काही जणांनी हे थोडे सविस्तर लिहिले आहे.

अमेरिकेतील विभागांत अर्ज एकट्या प्राध्यापकाकडे जात नाही. विभागातल्या काही अध्यापकांची समिती तो वाचते आणि जागा मोजक्या असतात, अनेक विभागांत वर्षाला पाच-दहाच. पहिल्या वाचनात हेतुनिवेदन, म्हणजे सगळे ज्याला एसओपी म्हणतात ते, आणि शिफारसपत्रे पाहिली जातात. त्यातून जे उरतात त्यांचा लेखननमुना, म्हणजे वर म्हटलेली ती वीसेक पाने, बारकाईने वाचला जातो आणि खरा निर्णय तिथे होतो. कारण साधे आहे. पुढची पाच-सहा वर्षे हा माणूस जे काम करणार, त्याचा हातात असलेला एकमेव पुरावा म्हणजे हा नमुना. मार्कांवरून मेहनत कळते. पुरावा कसा वाचतो, दुसऱ्याचे मत कसे मांडतो, स्वतःचे म्हणणे कुठे आणि किती ठामपणे ठेवतो, हे मार्कांवरून कळत नाही.

लेखननमुना साधारण १५ ते २५ पानांचा मागतात, दोन ओळींत दुप्पट अंतर ठेवून. नेमकी मर्यादा प्रत्येक विभागाची वेगळी असते. संदर्भसूची आणि तळटीपा त्यात धरायच्या की नाही, हेही विभागाच्या पानावर पाहावे आणि तिथे नसेल तर विभागाच्या कार्यालयाला एका ओळीत विचारावे. मर्यादा २० पानांची असताना ३४ पाने पाठवली तर कुणी दया करून सगळी वाचत नाही. विसाव्या पानावर थांबतात, आणि आपला निष्कर्ष बत्तिसाव्या पानावर असतो.

एमएच्या प्रबंधिकेचे पहिले प्रकरण नमुना म्हणून उचलणे ही सर्वांत मोठी चूक. पहिल्या प्रकरणात विषयप्रवेश, व्याख्या, पूर्वसंशोधनाचा आढावा आणि प्रकरणांची रूपरेषा असते. त्यात दुसऱ्यांचे विचार भरपूर आणि स्वतःचे काम जवळजवळ शून्य. त्याऐवजी जिथे प्रत्यक्ष कागद, कविता, शिलालेख किंवा मुलाखत उघडून तिचा अर्थ लावला आहे असे मधले प्रकरण घ्यावे. ते मोठ्या लेखनाचा भाग आहे हे सांगणारी आठ-दहा ओळींची टीप वर द्यावी: संपूर्ण प्रबंधिकेचा प्रश्न काय होता, हा भाग त्यात कुठे बसतो आणि आधी काय सिद्ध झाले आहे असे धरून चालावे. वृत्तपत्रीय लेख, परिसंवादातले सादरीकरण, दोघांनी मिळून लिहिलेला निबंध हे पाठवू नये. दोघांच्या निबंधात आपले वाक्य कोणते ते समितीला कळत नाही.

मराठीतून एमए केलेल्यांना इथे वेगळी अडचण येते आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. अर्ज इंग्रजी माध्यमाच्या विभागाकडे असेल तर नमुना बहुधा इंग्रजीतच लागतो. मराठी प्रबंधिकेचे सरळ भाषांतर करून पाठवले की दोन गोष्टी होतात. एक, पाने वाढतात, कारण मराठी वाचकाला जे सांगावे लागत नाही ते इथे सांगावे लागते: मोडी म्हणजे काय, कीर्तन म्हणजे काय, इनाम म्हणजे काय. दोन, मराठी वाक्याची चाल इंग्रजीत लंगडते आणि युक्तिवाद होता त्यापेक्षा कच्चा वाटतो. म्हणून भाषांतर न करता तोच युक्तिवाद घेऊन निबंध इंग्रजीत नव्याने लिहावा. त्याला तीन महिने लागतात, तीन आठवड्यांत होत नाही. मूळ मराठी उतारे मात्र काढून टाकू नयेत. दोन-चार कळीचे उतारे मूळ शब्दांत ठेवून खाली स्वतःचे भाषांतर द्यावे. मूळ भाषेतला मजकूर थेट वाचता येणे ही अशा उमेदवाराची मोठी बाजू आहे आणि ती दिसली पाहिजे.

आता विषयाकडे. एक उदाहरण घेऊ. ‘एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रे आणि समाजसुधारणा’. हे ग्रंथालयातल्या एका कपाटाचे नाव झाले. यातून संशोधनाचा प्रश्न अजून काढायचा आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली, हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण टोपणनावाने लिहिल्यामुळे असे काय बोलता येत होते, जे स्वतःच्या नावाने बोलता आले नसते? त्या दशकात आणखी कोण नाव लपवून लिहीत होते? ‘प्रभाकर’ १८४१ चा, मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’ १८४२ चे. वाचकांच्या पत्रांना दोन्ही ठिकाणी सारखी वागणूक मिळत होती का? इथे प्रश्न तयार झाला, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. ज्या प्रश्नाचे उत्तर अर्ज लिहितानाच ठरलेले आहे, त्यावर पाच वर्षे कुणी कशाला घालवावीत?

प्रश्न असा झाला की बाकीचे आपोआप विचारावे लागते. या वृत्तपत्रांचे अंक कोणत्या ग्रंथालयांत आहेत, सलग आहेत की तुटक, सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) आहेत की कागदच हाताळावा लागेल, परवानगी कुणाची, कोणत्या लिपी आणि भाषा लागतील. छापील मजकूर देवनागरीत असला तरी त्या काळातला खासगी पत्रव्यवहार पाहायचा तर मोडी यावी लागेल. सरकारी दप्तरासाठी इंग्रजी हस्ताक्षर वाचण्याचा सराव लागेल. ‘मोडी शिकेन’ असे लिहिण्यापेक्षा अर्जाच्या आधी चार महिने मोडीचा वर्ग करून ‘अमुक काळातली कागदपत्रे वाचतो’ असे लिहिता आले तर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. मानव्यविद्यांच्या अर्जात भाषांचे वजन फार आहे आणि आपले विद्यार्थी ते नेमके कमी लेखतात. तीन-चार भाषा सहज येणारे उमेदवार त्यांचा उल्लेख बायोडेटाच्या तळाशी एका ओळीत उरकतात. त्याऐवजी वाचन, लेखन, संभाषण अशी वेगवेगळी पातळी लिहावी.

संशोधन आराखड्यातले, म्हणजे काय आणि कसे शोधणार याच्या लेखी योजनेतले, एक वाक्य मात्र कायमचे काढून टाकावे: ‘या विषयावर आजवर कोणीही संशोधन केलेले नाही.’ वाचणाऱ्याला त्यावर झालेली दोन-तीन कामे हमखास आठवतात आणि अर्ज तिथेच संपतो. समजा खरोखर कुणी केलेले नसले, तरी त्यावरून ते करण्याजोगे आहे हे ठरत नाही. आधीच्या अभ्यासकांनी काय गृहीत धरले, त्यामुळे त्यांना काय दिसले आणि काय दिसले नाही, हे दोन परिच्छेदांत सांगता आले पाहिजे. नावांची आणि सालांची रांग लावली म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा होत नाही.

हेतुनिवेदन आणि संशोधन आराखडा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि देशागणिक त्यांचे महत्त्व बदलते. अमेरिकेत पहिली दोन वर्षे साधारण वर्गातल्या अभ्यासाची असतात, त्यामुळे तिथे हेतुनिवेदन मागतात, एक-दोन पानांचे. विषय पुढे बदलेल हे त्यांना माहीत असते. प्रश्न विचारता येतो का एवढेच ते पाहतात. अनेक ठिकाणी तिथे पदवीनंतर थेट अर्जही करता येतो. ब्रिटनमध्ये पीएचडी तीन-चार वर्षांची आणि पहिल्या दिवसापासून प्रबंधाची, म्हणून तिथे पक्का आराखडा लागतो, साधारण एक ते दोन हजार शब्दांचा: शीर्षक, प्रश्न, पूर्वसंशोधन, साधने, पद्धत, प्रकरणे, वर्षवार वेळापत्रक, छोटी संदर्भसूची. जर्मनीत स्वतंत्र पद्धतीने पीएचडी करायची तर आधी मार्गदर्शक मिळवावा लागतो. त्याच्या लेखी संमतीवाचून पुढचे दार उघडत नाही. नेदरलँड्स आणि उत्तर युरोपातल्या देशांत पीएचडीच्या जागा बऱ्याचदा नोकरीसारख्या जाहिरात देऊन भरतात आणि विषयही पुष्कळदा प्रकल्पाने ठरवलेला असतो. एकच मजकूर चारही ठिकाणी पाठवणाऱ्याला चारही ठिकाणी नकार येतो, आणि का आला ते कुणी सांगत नाही.

हेतुनिवेदनाची सुरुवात ‘मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे’ अशी करू नये. मानव्यविद्यांत अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच ती असते. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात आजवर केलेल्या कामात काय पाहिले आणि काय सापडले, मग पुढे काय करायचे आहे आणि कोणत्या साधनांवर, मग भाषा व इतर तयारी, आणि शेवटी हाच विभाग का. या शेवटच्या परिच्छेदात विद्यापीठाची कीर्ती सांगू नये, त्यांना ती माहीत असते. दोन किंवा तीन अध्यापकांची नावे आणि त्यांच्या कामाशी आपल्या प्रश्नाचा नेमका सांधा लिहावा. नावे लिहिण्यापूर्वी विभागाचे पान नीट पाहावे: निवृत्त झालेले, दुसरीकडे गेलेले, त्या वर्षी रजेवर असलेले अध्यापक त्यात असू शकतात. ‘एमेरिटस’ (म्हणजे निवृत्त, मानद) असे लिहिलेल्या अध्यापकाचे नाव मार्गदर्शक म्हणून घालणे ही नेहमी होणारी चूक आहे. विभागाने गेल्या पाच-सात वर्षांत कोणते प्रबंध मान्य केले याची यादी बहुधा मिळते; अध्यापकांच्या परिचयापेक्षा ती जास्त खरे सांगते.

विभाग कोणता, हाही विचार हवा. मराठी संतसाहित्यावर काम करायचे असेल तर ते साहित्याच्या विभागात बसेल, धर्माभ्यासाच्या, इतिहासाच्या किंवा दक्षिण आशियाच्या अभ्यासाच्याही. शिकागो विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा व संस्कृती असा स्वतंत्र विभाग आहे, हायडेलबर्गला दक्षिण आशिया संस्था आहे. तोच विषय इतिहास विभागाकडे पाठवताना कागदपत्रे आणि कालक्रम पुढे येतात; साहित्य विभागाकडे पाठवताना पाठ, भाषा आणि रचना. पुढे नोकरीही बहुधा त्याच विद्याशाखेत शोधावी लागते, हे प्रवेशाच्या वेळी कुणाच्या मनात नसते. काही विद्यापीठे एका वर्षात एकाच विभागाला अर्ज करू देतात. अर्ज सहा ते दहापेक्षा जास्त करू नयेत; त्यापुढे प्रत्येक अर्ज पातळ होत जातो. अर्जाच्या शुल्काची माफी बऱ्याच ठिकाणी मिळते, पण ती अर्ज सादर करण्यापूर्वी, कधी कधी काही आठवडे आधी मागावी लागते. शिवाय अलीकडच्या वर्षांत काही अमेरिकी विद्यापीठांनी मानव्यविद्यांच्या काही विभागांतले नवे पीएचडी प्रवेश एखाद्या वर्षापुरते थांबवले आहेत. विभाग यंदा प्रवेश देत आहे का, हे शुल्क भरण्याआधी पाहावे.

अध्यापकांना ईमेल करावा का, असे नेहमी विचारतात. करावा, पण दीडशे-दोनशे शब्दांचा: मी कोण, प्रश्न काय, तुमच्या कोणत्या कामाशी त्याचा संबंध आणि यंदा तुम्ही नवे विद्यार्थी घेणार आहात का. पाच फाइली जोडू नयेत. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, मग थांबावे. एकाच विभागातल्या सहा जणांना नाव बदलून तोच मजकूर पाठवला तर ते एकमेकांना दाखवतात. आणि अमेरिकेतल्या प्राध्यापकाने ‘विषय रंजक आहे’ असे कळवले म्हणजे प्रवेश झाला असे समजू नये. निर्णय समितीचा असतो.

शिफारसपत्रांविषयी आम्हाला उमेदवारांपेक्षा अध्यापकांशीच जास्त बोलायचे आहे. बहुतेक ठिकाणी तीन पत्रे लागतात. आपल्याकडच्या पुष्कळ पत्रांत ‘विद्यार्थी कष्टाळू, नम्र आणि वक्तशीर असून त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा’ एवढेच असते. हा चारित्र्याचा दाखला झाला. समितीला हवे असते ते वेगळे: याने कोणता निबंध लिहिला, त्यात कोणते अनपेक्षित निरीक्षण होते, आक्षेप घेतल्यावर त्याने मजकूर कसा सुधारला, गेल्या काही वर्षांतल्या विद्यार्थ्यांत तो कुठे बसतो. विभागप्रमुखाच्या चार गोड ओळींपेक्षा ज्या अध्यापिकेने प्रबंधिका तपासली तिची दीड पाने मोलाची. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही प्रथा तर थांबलीच पाहिजे. ते खोटे आहेच, शिवाय तीनही पत्रे आणि हेतुनिवेदन एकाच हातचे आहेत हे वाचणाऱ्याला लगेच जाणवते, आणि त्याची शिक्षा सही करणाऱ्याला न होता विद्यार्थ्याला होते.

विद्यार्थ्याने अध्यापकांना निदान सहा ते आठ आठवडे आधी विचारावे आणि सोबत एकच जुडगा द्यावा: बायोडेटा, हेतुनिवेदनाचा मसुदा, लेखननमुना, त्यांच्याच वर्गात लिहिलेला जुना निबंध आणि विद्यापीठांची नावे व मुदती असलेला तक्ता. पत्र मागणारा ईमेल विद्यापीठाच्या यंत्रणेकडून जातो आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडतो, हे त्यांना आधीच सांगावे. अध्यापकाचा पत्ता शक्यतो संस्थेचा द्यावा. फॉर्ममध्ये पत्र पाहण्याचा हक्क सोडता का असे विचारतात. तो सोडावा, कारण गोपनीय पत्रावर वाचणारा जास्त विश्वास ठेवतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडून मिळायला आठवडे लागतात, म्हणून ते सर्वांत आधी मागवावे. गुणांचे रूपांतर सांगितल्याशिवाय करू नये, आहेत तसे टक्के द्यावेत. टोफेल आणि आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षे चालतात. जीआरई ही प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा अनेक मानव्यविद्या विभागांनी आता काढून टाकली आहे. विभाग मागत नसेल तर तिच्यावर महिने घालवू नयेत. अमेरिकेतल्या मुदती बहुतेक डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात. पूर्व किनाऱ्यावरची मध्यरात्र म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडची दुसऱ्या दिवशीची सकाळी साडेदहाची वेळ. त्या हिशेबावर विसंबून राहू नये, दोन दिवस आधी अर्ज पाठवून मोकळे व्हावे. पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांतली ‘प्रकाशने’ बायोडेटात घातल्याने तो वजनदार होत नाही, उलट शंका येते.

देशात अर्ज करणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के किंवा चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के लागतात, आरक्षित गटांना ५ टक्क्यांची सवलत आहे. जून २०२४ च्या सत्रापासून नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) व सहायक प्राध्यापकपद, सहायक प्राध्यापकपद व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. जेआरएफ नसलेल्यांच्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते, आणि त्या प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. मार्गदर्शकाच्या रिकाम्या जागा किती, हे मात्र पुष्कळ जण पाहतच नाहीत. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. आपल्या विषयाच्या माणसाकडे जागाच नसेल तर उत्तम गुण असूनही दुसऱ्याच विषयाचा मार्गदर्शक पदरी पडतो आणि आराखडा मोडून नवा करावा लागतो. एवढी चौकशी विभागात जाऊन अर्ध्या तासात होते.

मुलाखत देशात असो वा परदेशी विभागाशी पडद्यावर, प्रश्न नमुन्यावर आणि आराखड्यावर येतात. मुख्य साधन पाहायला मिळालेच नाही तर काय कराल? कोणत्या अभ्यासकाशी तुमचे पटत नाही आणि का? तुमचे गृहीतक चुकीचे ठरले तर प्रबंधात काय उरेल? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून, मोठ्याने बोलून पाहावीत. आराखडा यंत्राकडून लिहून घेतलेला असेल तर तो इथे उघडा पडतो, कारण त्यातला एखादा शब्द का वापरला हेच सांगता येत नाही.

पैशांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. प्रवेश मिळाला पण आर्थिक साह्य नाही, असे पत्र आले तर कर्ज काढून मानव्यविद्यांची पीएचडी करू नये. साह्य असेल तर चार गोष्टी लेखी विचाराव्यात: किती वर्षांसाठी, उन्हाळ्याचे महिने धरून आहे का, शुल्क आणि आरोग्यविमा त्यात येतात का, बदल्यात किती शिकवावे लागेल. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साह्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची सक्ती नसते. घाईने होकार देऊ नये. पण नकार ठरला असेल तर तो लगेच कळवावा, म्हणजे प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी ती जागा मिळते.

शेवटी एक विनंती, विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या मानव्यविद्या विभागांना. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांच्या संमतीने त्यांचे हेतुनिवेदन, आराखडा आणि लेखननमुना यांची एकेक प्रत विभागाच्या ग्रंथालयात ठेवावी. ज्यांना मिळाला नाही त्यांपैकी कुणी देत असेल तर त्यांचीही ठेवावी. एमएच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्येच, ती विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, म्हणजे डिसेंबरपर्यंत स्वतःचा निबंध तीनदा लिहून काढायला त्यांना वेळ मिळेल.

आपले,
मानव्यविद्यांचे काही अध्यापक